मार खायची भूमिका

"ओरड ना! ओरड!"

सर मला सांगत होते आणि अनुराग मला पट्ट्यानं मारत होता. उस्मानपुऱ्यातला सरांचा हॉल. पुसलेली फरशी. मी गुडघ्यावर. अंगात फक्त बनियन, कारण शर्टावर फटक्याचा आवाज नीट येत नाही म्हणून शर्ट काढायला लावला होता. सोफ्यावर आणि सतरंजीवर मिळून आठ-नऊ जण, हातात पोह्यांच्या प्लेटा. रविवार, सकाळचे साडेदहा. खाली गल्लीत भाजीवाला मेथी मेथी करत चालला होता.

ही तालीम होती. आमचा विद्यार्थ्यांचा वाचनगट. दर रविवारी सरांकडं जमायचं, एक कादंबरी धरायची, महिनाभर तिच्यावर बोलायचं आणि शेवटी तिच्यातल्या एका प्रकरणाचं अभिवाचन करायचं. लोकांसमोर, माइक लावून, खुर्च्या मांडून, थोडा अभिनयही करत. या वेळची कादंबरी एका मोठ्या बागायतदार घराण्याची होती. घरातली दहा वर्षांची मुलगी आणि तिच्याशी खेळणारा मेंढपाळाचा पोरगा. एके दिवशी मुलीचे काका त्या पोराला अंगणात मार मार मारतात. मुलगी खिडकीतून बघते. तिथं तिचं बालपण संपतं, असं मागच्या पानावर छापलं होतं.

त्या गटात मेंढपाळाचा पोरगा मी एकटाच. खराखुरा. धनगराचा, करमाडच्या पुढचा.

सर मला पाहुण्यांसमोर उभं करायचे आणि खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "हा आमचा अस्सल माणूस." पाहुणे मान डोलवायचे. सांगायला लाज वाटते, पण मला ते आवडायचं. दोन वर्षं आवडलं. एम.ए. संपत आलं होतं, मला पीएच.डी. करायची होती आणि सर मला विद्यार्थी म्हणून घेणार होते. तसं तोंडी कबूल केलं होतं त्यांनी. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिला. सरांनी हात काढला की मी परत शेंद्र्याच्या कुठल्यातरी कंपनीच्या गेटवर, एवढं साधं गणित होतं. म्हणून मी अस्सल राहिलो. त्यांच्या घरच्या प्लेटा धुतल्या. खुर्च्या उचलल्या.

तीन रविवार गट त्या मुलीच्या निरागसतेवर बोलला. ती कशी हरवली, कुठल्या क्षणी हरवली, खिडकीचे गज कशाचं प्रतीक आहेत. एक मुलगी तर बोलता बोलता रडली. मी ऐकत होतो. तिसऱ्या रविवारी मला राहवलं नाही.

मी म्हणालो, "सर, त्या पोराचं काय हरवलं?"

कुणालाच कळलं नाही. मी पुन्हा म्हणालो, "मार तर त्यानं खाल्ला. त्याच्या निरागसतेचं कुणीच काही बोललं नाही. आणि तो चार पानं ओरडतो, हात जोडतो. मार खाताना माणूस असा ओरडत नाही, सर."

सर हसले. चष्मा काढून पुसला. म्हणाले, "तुझे वडील ओरडले नसतील. पण साहित्यात सत्य थोडं मोठं करून दाखवावं लागतं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या बापाला मार बसला होता, हे मी फक्त सरांना सांगितलं होतं, एकदा, चहा पिताना, विश्वासानं. त्यांनी ते पोह्यांबरोबर वाटून टाकलं. अनुराग म्हणाला, "वॉव. हे आपल्याला वापरता येईल."

त्याच दिवशी भूमिका वाटल्या. मी निवेदन मागितलं होतं. माझा आवाज चांगला आहे, कॉलेजात बक्षिसं आहेत. सर म्हणाले, "निवेदन प्रमाण भाषेत आहे. तुझ्या उच्चारांना ते नाही झेपणार. तू मेंढपाळाचा मुलगा कर. तुला अभिनय करावाच लागणार नाही."

सगळे हसले. मीपण हसलो. ते हसणं मला अजून दातात अडकल्यासारखं वाटतं.

निवेदन अनुरागच्या मैत्रिणीला गेलं. अनुराग काका झाला. रुबिनाला पुस्तक धरून बसवलं, कुणी चुकलं तर शब्द सांगायला. ही रुबिना गटातली माझी एकुलती मैत्रीण. गुलमंडीजवळ तिच्या अब्बूंचं शिलाईचं दुकान आहे. ती माझ्यासारखीच, कामाला पहिली आणि फोटोत शेवटची.

आणि आता पट्टा. सुरुवातीला अनुरागच्या हातात वर्तमानपत्राची सुरळी होती. सर म्हणाले, "हे बालनाट्य वाटतंय." मग अनुरागनं कमरेचा पट्टा काढला. बक्कल मुठीत धरलं. माझ्याकडं बघून म्हणाला, "हळू मारतो रे." पहिले दोन फटके फरशीवर. तिसरा पाठीवर.

"ओरड!" सर म्हणाले.

मी ओरडलो नाही. चौथा बसला. हा हळू नव्हता. अनुरागच्या तोंडावर रंग चढला होता. त्याला मजा यायला लागली होती, हे मी शपथेवर सांगतो. मारणाऱ्याचं तोंड मी लहानपणी पाहिलंय, मला ते ओळखू येतं.

"अरे ओरड ना! काय दगड आहेस का?"

पाचवा. बनियनखाली कातडं फुटलं. आणि माझ्या तोंडातून आवाज आला.

"च्यो... च्यो... च्यो..."

मी काढला नाही. तो आला. हळू, जीभ टाळूला लावून. आणि मी जागच्या जागी गार पडलो. कारण तो आवाज माझा नव्हता. तो आप्पांचा होता, माझ्या बापाचा.

मी तिसरीत होतो. उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की बागायतदार धनगराला बोलावतो, मेंढरं शेतात बसवायला. कळप रात्रभर बसला की लेंड्यांनी जमिनीला खत मिळतं, धनगराला ज्वारी मिळते. आमची सत्तर मेंढरं जालना रोडला लागून असलेल्या एका मळ्यात बसली होती. सकाळी कळप बाहेर काढताना पाच-सहा कोकरं शेजारच्या हिरव्या मक्यात शिरली. दोन घास खाल्ले असतील. मालकाचा मुलगा मोटारसायकलवर आला. त्याच्या हातात विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपाचा काळा तुकडा होता.

"तुला शेतात बसवलं धनगरड्या, डोक्यावर नाय!"

पहिला फटका आप्पांच्या कानावर बसला. मुंडासं उडालं. दुसरा मानेवर. आप्पा गुडघ्यावर आले. मग पाठ, पाठ, पाठ. मी मेंढरांच्या पलीकडं, रोडच्या कडेला, काठी घेऊन उभा होतो. तिथं मला आप्पांनीच उभं केलं होतं. माझ्या मागून ट्रक चालले होते. मला वाटलं, आता आप्पा उठतील. काठी उचलतील. नाही तर निदान ओरडतील, शिवी देतील. आप्पा मेंढरांकडं तोंड करून बसले आणि त्यांना रोज चुचकारायचे तसं म्हणत राहिले, "च्यो... च्यो... च्यो..." कानातून रक्त गळत होतं आणि तोंडातून तो आवाज. अगदी लाडानं.

मालकाचा मुलगा दमल्यावर थांबला. गड्यांकडं बघून हसला. म्हणाला, "बघा रे, मार खातंय आन् मेंढरांशी बोलतंय."

गड्यांनी ते गावभर केलं आणि तेव्हापासून शाळेत माझं नाव च्यो-च्यो. दहावीपर्यंत. मी वर्गात शिरलो की मागच्या बाकावरून सुरू व्हायचं. मास्तरही हसायचे. मी त्या पोरांवर चिडलो नाही. मी आप्पांवर चिडलो. दहा वर्षं त्यांच्या ताटाशेजारी ताट घेऊन बसलो नाही. माझा बाप भेकड आहे, मार खाताना जनावरांशी बोलतो, मला असला बाप नको. शहरात आलो ते त्या आवाजापासून पळायला. सरांना माराचं सांगितलं, पण च्यो-च्यो सांगितलं नव्हतं. ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

आणि सरांच्या फरशीवर तोच आवाज माझ्या तोंडात.

हॉलमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. अनुराग म्हणाला, "हे काय नवीन?" सर मात्र सोफ्यावरून पुढं झुकले. डोळे चमकत होते त्यांचे. "थांबा, थांबा. हे विलक्षण आहे. हे ठेवू या. अनुराग, पुन्हा मार. जरा जोरात."

अनुरागनं हात उचलला.

मी पट्टा हवेत धरला. मनगटाला गुंडाळला आणि ओढला. अनुराग टीपॉयवर कोसळला, काच फुटली, पोहे फरशीभर. पट्टा माझ्या हातात आला. मी उभा राहिलो. मला त्याला मारायचं होतं. त्याला, सरांना, त्या मळ्यातल्या माणसाला, मागच्या बाकावरच्या पोरांना, हसणाऱ्या मास्तरांना. मोजून नाही, हात तुटेपर्यंत.

मी एक फटका मारला. अनुरागच्या दंडावर. पूर्ण ताकदीनं.

तो ओरडला. लगेच. एका फटक्यात. आई ग, सर, वाचवा, पोलीस, सगळं एका दमात. कादंबरीत चार पानं लागली होती.

"हिंसा!" सर उभे राहिले. "माझ्या घरात हिंसा चालणार नाही!"

माझी पाठ फुटली तेव्हा ती तालीम होती. हिंसा हा शब्द त्या हॉलमध्ये तेव्हा पहिल्यांदा आला.

मी म्हणालो, "सर, तुम्हीच म्हणत होता जोरात."

सर पांढरे पडले होते. बोट दाखवत म्हणाले, "तुमच्यासारख्यांना घरात घेतलं हीच माझी चूक. पीएच.डी. विसर. या शहरात तुला कोण गाइड मिळतो तेच बघतो मी."

तुमच्यासारख्यांना. दोन वर्षं मी अस्सल होतो, आणि एका फटक्यात तुमच्यासारखा झालो.

रुबिना उठली. पुस्तक सोफ्यावर टाकलं. माझा शर्ट आणि पिशवी उचलली. म्हणाली, "चल रे, निकल. इधर नक्को खडा रह." मग दारात वळून सरांना मराठीत म्हणाली, "मी सगळं पाहिलंय, सर. पहिल्या फटक्यापासून. कुणी विचारलं तर सांगीन." जिन्यात मात्र ती रडली. मी नाही रडलो.

पट्टा हातातच राहिला होता. तो पिशवीत टाकला आणि करमाडची गाडी धरली.

आप्पा आता थकलेत. मेंढरं केव्हाच विकली, चरायला रान उरलं नाही, सगळीकडं कंपन्यांचं तारेचं कुंपण. दुपारी ते बाभळीखाली बाजेवर बसले होते. मळ्यातल्या त्या दिवसापासून त्यांना एका कानानं ऐकू येत नाही. मी दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

"आप्पा, त्या दिवशी मळ्यात तुम्ही ओरडला का नाही?"

त्यांना कुठला मळा, कुठला दिवस, काही विचारावं लागलं नाही.

"वरडलो आसतो तं मेंढरं बुजली आसती," ते म्हणाले. "मालकाच्या पोराच्या वरडण्यानं आधीच कान टवकारून उभी व्हती. राखणाऱ्याचा आवाज फिरला की कळप थांबत नाय, समोर दिसंल तिकडं उधळतो. समोर रोड व्हता."

"सत्तर मेंढरांसाठी एवढा मार खाल्ला?"

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी किती येडा आहे, असं पाहिलं.

"मेंढरांच्या आन् रोडाच्या मधी तू व्हतास," ते म्हणाले. "एवढासा. सत्तर मेंढरं अंगावर आली आसती तं ट्रकाखाली गेला आसतास. मी वरडू कसा?"

मला माझ्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं, आणि मी घेतलंही, दोनदा, त्यांच्यासमोर. त्यांनी हात धरला. म्हणाले, "बास." मग माझ्या पाठीला हात लागला तेव्हा मी कळवळलो. त्यांनी शर्ट वर करून पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"कुणी मारलं?"

मी सांगितलं. सगळं. पट्टा काढून बाजेवर ठेवला.

"तू मारलं?"

"एक."

शाबास नाही, वाईट केलंस नाही. आप्पांनी पट्टा दोन बोटांनी उचलून माझ्या पिशवीत परत टाकला. म्हणाले, "ज्याचा हाय त्याला दे. आपल्या घरात नको."

प्रयोग येत्या रविवारी आहे. मोबाइलवर पत्रिका आली. माझ्या जागी त्यांनी दुसरा कुणी घेतलाय. रुबिना सांगत होती, सरांनी त्याला तो आवाज शिकवलाय. च्यो-च्यो. प्रेक्षकांवर फार परिणाम होईल म्हणाले. माझ्या बापाचा आवाज ते तिकीट लावून विकणार आहेत.

मी जाणार आहे. पट्टा द्यायला. काका म्हणून अनुराग समोर उभा असेल तेव्हाच, दिव्यांच्या उजेडात, स्टेजवर चढून त्याच्या हातात देणार. मग माइक घेणार आणि तो आवाज कशासाठी असतो ते सांगणार, माझ्या उच्चारांत, शेवटपर्यंत. ते ओढतील, पोलीस बोलावतील. बोलावू द्या. माझी पीएच.डी. गेली तेव्हाच त्यांच्या हातातली दोरी सुटली.

आप्पा गप्प राहिले, कारण समोर रोड होता आणि मधे मी होतो. माझ्या समोर आता रोड नाही. मेंढरं विकली. मधे कुणी नाही.

मी ओरडणार आहे.