खोड नसलेली मोटार

लालासाब टांगेवाल्याला घोडं कळायचं, माणूस कळायचा, पाऊस तर यायच्या आधी तासभर कळायचा. कळायची नाही ती एक मोटार. आणि माणसाचं असंच असतं बघा, जे कळत नाही त्याच्यावरच जीव जडतो.

जर्मनची लढाई नुकती संपली होती. शाहू महाराजांच्या अमदानीत कोल्हापुरात मोटारी दिसायला लागल्या होत्या, पण बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली एक लालासाबचा मेहुणा इलाही चालवायचा, कुणा इनामदाराची. मागं एका लग्नात लोकांनी इलाहीला गादीवर बसवलं आणि लालासाबला सांगितलं, जरा घोड्यांना पाणी दाखवून या. त्या दिवसापासून गड्याला अन्न गोड लागेना.

अशात बातमी आली की कसबा बावड्यात ज्ञानू नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात एक जुनी मोटार पडून आहे, आणि मोटारीच्या बदल्यात त्याला घोडी हवी आहे. घोडी! लालासाबकडं होती एकच, मैना. स्टेशनापासून महाद्वारापर्यंत नऊ वर्षं तीच राबत होती, म्हणून घरची चूल पेटत होती. बायकोनं, खैरुनबीनं, परोपरीनं समजावलं. पण खुळ्याला कोण आवरणार? शेवटी तीही टांग्यात चढून बसली. मैनेला घालवून घरात येणारी सवत तरी बघू म्हणाली.

सवत म्हशीशेजारी उभी होती. टपावर गवताचा भारा, मागच्या गादीवर खुडूक कोंबडी, दारावर ज्ञानूच्या बायकोनं थापलेल्या शेण्या.

लालासाबनं घोडं तपासावं तशी मोटार तपासली. चाकांवर थोपटलं, खाली वाकून पोट बघितलं, पुढचं झाकण उचलून आत तोंड घातलं. वय विचारलं तर ज्ञानू म्हणाला, अजून कवळी हाय.

"खोड काय?"

"खोड काय बी न्हाय," ज्ञानू म्हणाला. "चालत न्हाय, तेवढंच."

एवढं ऐकून शहाणा माणूस उलट्या पावली गेला असता. आमच्या बहाद्दराला त्यातही गुण दिसला. उभ्या मोटारीला हरभरा लागत नाही आणि ती लाथही मारत नाही. दुरुस्तीचं पुढं बघता येईल. आता कोण कुणाला पाणी दाखवायला सांगतो ते बघू, असं मनाशी म्हणत त्यानं हात पुढं केला.

ज्ञानूनं दोघांच्या हातांवर रुमाल टाकला, जनावरांच्या बाजारात टाकतात तसा. बोलायचं नाही, खालून बोटं दाबून आकडा सांगायचा. बोटं जुळली की शब्द पक्का, मूठ मिटली की सौदा मोडला. घोडी तर द्यायचीच होती, वर रुपये किती एवढंच ठरायचं होतं. बोटं जुळत आली.

खैरुनबी इतका वेळ मैनेच्या मानेवरून हात फिरवत उभी होती. तिनं साधंच विचारलं, "ही मोटार घरला न्यायची कशी?"

"कशी म्हंजे? मैनेला जुंपायची की."

"मैना आता ज्ञानूभाऊंची न्हवं?"

ज्ञानू भला माणूस. तो लगेच म्हणाला, "न्या की घोडी. पावण्यांनी रीतीपरमाणं भाडं दिलं म्हंजे झालं."

रुमालाखाली लालासाबची बोटं थांबली. मैनेच्या जिवावर त्यानं अख्ख्या कोल्हापूरचं भाडं घेतलं होतं. आता तिचंच भाडं तो भरणार, तेही न चालणारी मोटार ओढायला! त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर करवेना. त्यानं मूठ मिटली.

परतताना चढ लागला तसा तो टांग्यातून उतरून मैनेच्या बरोबरीनं चालू लागला. खैरुनबी ऐसपैस गादीवर बसून राहिली. 

पुढच्या लग्नात पुन्हा तेच. इलाही गादीवर, आणि लालासाबला घोड्यांना पाणी दाखवायचा हुकूम. लालासाब उठला. त्यानं पहिली बादली मैनेपुढं ठेवली, आणि तिचं पिऊन होईस्तोवर कुणाच्याही हाकेला ओ दिली नाही.