मध्येच बदललेला षड्ज

पहिलं महायुद्ध संपून दोन-तीन वर्षं झाली होती. लोणावळ्यात रेल्वेच्या गार्ड-ड्रायव्हर लोकांचा क्लब होता आणि तिथे शनिवारी नाच असे. नाचाचा ढोलवाला तापाने पडला, तेव्हा पियानो वाजवणाऱ्या मडमेने तबलजी बोलावला. म्हणजे माझे चाचा. उरुसाच्या कव्वालीला आणि आंबी गावच्या भजनाला तेच बसत. क्लबात वाजवणारा मावळातला पहिला माणूस आपण होणार, हे त्यांनी बाजारात आधीच सांगून टाकलं होतं. मी मालधक्क्यावर कारकून; दुभाष्या म्हणून सोबत गेलो.

नाचाआधीच्या तालमीत चाचांनी पियानोचा षड्ज मागून घेतला आणि हातोडीने तबला त्याला लावला. मडमेने रॅगटाइमची, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या नाचाच्या बाजाची, एक गत सुरू केली. डावा हात एकसारखा चालला होता: खाली जड सूर, वर ठोका, पुन्हा खाली, पुन्हा वर. उजवा हात मात्रेवर येतच नव्हता. त्याचं वजन अर्धी मात्रा आधी नाहीतर नंतर पडे. गाणारा येतो तिथे सम, या सवयीने चाचा उजव्या हातामागे गेले आणि सम हुकली. पुन्हा हुकली. त्यांची सम हुकलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

"ठेका डाव्या हातात आहे," मी कानात सांगितलं.

"आन गवई उजव्यात? एकाच बाईत दोघं?"

पुढच्या आवर्तनाला ते नेमके समेवर आले. मडमेने हसून मान हलवली.

पहिले तुकडे दोन-दोनदा वाजून झाले. पुढच्या तुकड्यात मडमेने मध्यमालाच षड्ज केलं. चाचांचे हात थांबले. त्यांनी हातोडी उचलली आणि चालू गतीत तबला चढवायला सुरुवात केली. खण, खण. मडमेची बोटं पट्ट्यांवरच राहिली.

"हा काय करतो आहे?"

"षड्ज बदलला, म्हणून तबला लावतोय."

"अशा गतीत तो बदलतोच!"

"परत कवा येतो, इचार तिला," चाचा म्हणाले.

मी विचारलं. येत नाही, नव्यावरच संपतं, असं ती म्हणाली. चाचांच्या हातातली हातोडी हळूहळू मांडीवर आली.

"जुना षड्ज नव्याचा पंचम होतो, चाचा. बेसूर लागणार नाही."

"आणि नाचणाऱ्यांना काय कळणार?" मडम म्हणाली. मी तेही मराठीत सांगितलं.

षड्ज बदलला तेव्हाही चाचांचा चेहरा असा झाला नव्हता. "कळणार न्हाई म्हणून वाजवायचं?" एवढंच बोलून त्यांनी तबला फडक्यात बांधला.

बाजारात चहावाल्याने हाक मारली, "काय खाँसाहेब, गोऱ्यांना नाचवलं का?"

"न्हाई जमलं. त्यांचं गानं निघतं एका घरातनं, आन वाटंत दुसऱ्याच घरात शिरतं."

"मग माघारी?"

"माघारी न्हाई. तितंच ऱ्हातं."

चहावाल्याची किटली कपावर तशीच थांबली. "आन हे असं दुसऱ्याच्या घरात शिरून ऱ्हानं त्यांच्या मोठ्या सायबाला म्हाईत हाय?"