कायमचे ओठ आणि माझी शिट्टी

आमच्या घराण्यात ओठ नाहीत. म्हणजे आहेत, पण नावापुरते. झाशीजवळच्या गुरसरायला कारकुनी करणाऱ्या पणजोबांपासून बाबांपर्यंत कुणाचाही फोटो पाहा, समोरच्याचा अर्ज नामंजूर करतायत असंच वाटतं. मी झाशीतल्या एका शाळेत पीटी शिकवते, म्हणून हा चेहरा निदान कामाला तरी येत होता. पण पंचेचाळिशीत मला कुठून अवदसा आठवली कोण जाणे, मी ओठ भरून घ्यायचं ठरवलं.

ओरछा गेटच्या पार्लरवाल्या भाभींकडे रविवारी दिल्लीहून एक डॉक्टरसाब येत. त्यांनी ओठात सुईने भरायच्या फिलरचे दोन प्रकार सांगितले. एक वर्षभरात विरून जातो, दुसरा पर्मनंट. आता आमच्या घरात हा काय प्रश्न झाला? बाबांची अर्धी नोकरी टेंपररीत गेली, आणि ते पर्मनंट झाले तेव्हा आईने सत्यनारायण घातला होता. टेंपररी हा शब्द आमच्याकडे शिवीसारखा वापरतात. मी एका दमात पर्मनंट म्हणून मोकळी झाले. चांगली शिकलीसवरलेली बाई मी, पण त्या माणसाची डिग्रीसुद्धा विचारली नाही.

वर्षभर मी आरशासमोरून हलत नव्हते. मग वरच्या ओठात डावीकडे वाटाण्याएवढी गाठ आली, तिच्या शेजारी दुसरी. "मालिश कीजिए दीदी, बैठ जाएगी," भाभी म्हणाल्या. मी मालिश केली. ओठ टम्म सुजला, गाठी जागच्या हलल्या नाहीत. डॉक्टरसाबांचा फोन तोवर बंद झाला होता.

दिसण्याचं मी सोसलं असतं. शिट्टी वाजेना, ते सोसवेना. ओठ शिट्टीभोवती मिटतच नव्हता. धावणाऱ्या पोरांना थांबवायला मी जोर लावून फुंकलं, तर डावीकडून हवा, थुंकी आणि 'फुर्र'. पोरं थेट सायकल स्टँडपर्यंत गेली. दुसऱ्या दिवसापासून अख्खी शाळा माझ्या पाठीमागे 'फुर्र' करू लागली. प्रिन्सिपल मॅडमनी गोड आवाजात सांगितलं, "आप ऑफिस देख लीजिए, मैदान नए सर सँभाल लेंगे. दीवाली तक देखते हैं." नवे सर माइकवर ओरडत. माझं मैदान माइकवर चालणार! मला असा संताप आला की त्या रात्री मी जेवले नाही, आणि माझ्यासारख्या खाणारीचं हे ऐकून आईने डॉक्टरला बोलवायचं काढलं.

शेवटी ग्वाल्हेरच्या एका प्लास्टिक सर्जन बाईंकडे गेले. त्यांनी ओठ उलटा करून पाहिला आणि पहिल्यांदा मला कोणीतरी खरं सांगितलं. विरून जाणाऱ्या प्रकारातले काही फिलर दुसरं इंजेक्शन देऊन विरघळवता येतात, हा नाही. शरीर त्याच्याभोवती जाड आवरण करतं, म्हणून गाठी पुष्कळदा उशिरा, काही वर्षांनीही येतात. ओठाच्या आतून चीर देऊन निघेल तेवढं काढायचं. सगळं सहसा निघत नाही. ओठ थोडा वाकडा राहील, बधीरही राहू शकतो.

"शिट्टी वाजेल का?" मी हिंदीत विचारलं.

हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नसावा. "वादा नहीं कर सकती," त्या म्हणाल्या. बाहेरच्या बाकावर बसून मी ढसाढसा रडले. शिट्टीशिवाय मैदानात मी कोण होते?

बाबांना मात्र यात काही नवल वाटलं नाही. "पर्मनंट झालेल्याला काढणं सोपं असतं होय? चौकशा बसवाव्या लागतात," ते म्हणाले. मी हसले आणि ओठ दुखला.

ऑपरेशन झालं, मग उरलेल्यासाठी आणखी एकदा. टाके असेपर्यंत मी चमच्याने पातळ वरण प्यायले आणि कोणाशीही भांडले नाही. घरच्यांना ते दिवस फार आवडले.

दिवाळीच्या सुट्टीआधी सर्जन बाईंनी परवानगी दिली, तशी मी मैदानात गेले. नव्या सरांचा तास चालू होता, पोरं धावत होती. डावीकडे अजून एक बारकी गाठ आहे, ती राहणारच. मी शिट्टी उजव्या कोपऱ्यात धरली आणि फुंकली. आवाज बारीक आला, जरा उशिराही आला, पण शिट्टीचा आला. पुढची पोरं थबकली, मग मागची. सगळा वर्ग उन्हात सरळ उभा राहून माझ्या हुकमाची वाट पाहू लागला. मी शिट्टी तोंडातून काढायलाच तयार नव्हते, त्यामुळे हुकूम द्यायचा राहिलाच. तरी एकही पोर हललं नाही.