रिकाम्या जागेची मोजणी

आईला नागपूरच्या दवाखान्यात रेडियमच्या सुया लावल्या होत्या. गर्भाशयाचा कॅन्सर. काही दिवसांनी सुया काढून तिला बालाघाटला घरी आणलं. मी कॉलेजात फिजिक्स शिकवायचो, आणि अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस घरात गप्प कसा बसेल? जेवताना बायकोला ऐकवलं, रेडियम निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात, उरलेलं निम्मं व्हायला पुन्हा सोळाशे. सुयांबरोबर रेडियमही बाहेर निघालं, अंगात काही उरत नाही, हे सांगायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवसापासून आईचं ताट वेगळं, लोटा वेगळा. आमची तीन वर्षांची पोरगी आजीच्या खाटेकडे धावली की बायको तिला मागे ओढायची.

"काहून ओढते तिले? मी काय इटाळशी आहो?" आई विचारायची.

मी बायकोला समजावलं, पण उशिरा. "तुमीच तं म्हनलं, सोळाशे वर्षं!"

मग मी हट्टाला पेटलो. मलाजखंडला जमिनीतली खनिजं शोधणाऱ्या सरकारी सर्व्हेवर माझा एक वर्गमित्र होता. त्याच्याकडून किरण मोजायचा गायगर काउंटर मागून आणला. रविवारी दुपारी बायकोला दारात उभं केलं, नळी आईच्या पोटाजवळ धरली आणि बटण दाबलं. टिक. टिक-टिक. टिक.

बायको पोरीला उचलून आत पळाली.

मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. दरवर्षी पोरांना शिकवायचो: आधी रिकाम्या जागेची मोजणी घ्या, मग वस्तूची, आणि पहिली दुसरीतून वजा करा. माती, भिंती, आभाळ, सगळीकडून थोडे किरण येतच असतात. अंगणात जाऊन घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला कधी वीस, कधी तेवीस. आईजवळही तेवढेच.

"आई, तुह्या अंगात काईच नाई. हे अंगनातबी वाजते."

बायकोला पटलं. ती पोरीला घेऊन खाटेपाशी आली. पण आईनं ती टिकटिक आपल्या पोटाजवळ ऐकली होती.

"हौ, तू शिकेल हायेस," ती म्हणाली. "पन लेकरू लहान हाये. दूरच राहू दे तिले."

त्यानंतर पोरगी जवळ आली की आई भिंतीकडे तोंड फिरवायची. मी रोज समजावायचो, ती नुसती हौ म्हणायची. दिवाळीच्या आधी ती गेली.

तिरडीपाशी बायकोनं पोरीचा हात धरून आजीच्या पायांना लावला. पोरीनं हात तिथंच ठेवला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "बाबा, आता आजी रागवनार नाई ना?"