कॅसेटवरचा शेवट

रविवारी सकाळी सुहासच्या घरी आम्ही चार प्रोग्रेसिव्ह रॉकवाले जमतो आणि जुन्या बँडपुढे नवे किती फिके, यावर पोहे गार होईपर्यंत भांडतो. गेल्या रविवारी सुहासची कॉलेजात शिकणारी भाची, मृण्मयी, आमच्यात येऊन बसली. सुहासने एक जुनं, बावीस मिनिटांचं गाणं लावलं. ते संपत आलं तेव्हा तिनं डोळे मिटले आणि पोह्यांचा चमचा हवेतच राहिला.

"मामा, शेवट काय भारी आहे," ती म्हणाली.

मी तिच्यावर जळलो. तिला शेवट आयता मिळाला होता, पहिल्याच दिवशी, पोह्यांबरोबर. तिच्या वयाचा असताना हे गाणं मी मित्राकडून कॅसेटवर उतरवून घेतलं, तेव्हा जागा अपुरी पडली. सोळाव्या मिनिटाला, ऐन रंगात, खट्कन कॅसेट संपायची. पुढचं मी सायकलवरून जाताना गुणगुणत पुरं करायचो, रोज थोडं वेगळं. अख्खं गाणं ऐकायला मिळालं ते दहा वर्षांनी.

हे मी जरा कुरकुरतच सांगितलं. मृण्मयीनं चमचा खाली ठेवला.

"म्हणजे काका, तुमच्याकडे याचा वेगळाच शेवट आहे? म्हणून दाखवा ना."

मी सुरुवात केली. सोळाव्या मिनिटापर्यंतचं सगळं आठवत होतं. पुढे मात्र रेकॉर्डवरचेच सूर येत राहिले.

आता मी जळतो तो त्या सायकलवरच्या माझ्यावरच. त्याची कॅसेट अजून सोळाव्या मिनिटालाच संपते आहे.