गुंता शेंड्याकडून सुटतो

माझ्या वन्सं एकतीस वर्षं सूतगिरणीत आहेत, वाइंडिंग खात्यात. छोट्या बॉबिनवरचं सूत मोठ्या कोनावर चढवायचं आणि मध्येच धागा तुटला की डोळ्याचं पातं लवायच्या आत तो सांधायचा, हे त्यांचं काम. खात्यातल्या बायका त्यांना गाठमास्तरीण म्हणतात. यांची ही थोरली बहीण. ‘लग्न केलं नाही, कुणाचं ऐकलं नाही आणि केस कापले नाहीत,’ एवढ्यात हे आपल्या बहिणीचं चरित्र आटोपतात.

केस मात्र बघण्यासारखे. कमरेच्या खाली जाणारे, लाटालाटांचे, आता निम्मे पांढरे. गिरणीत पहिल्याच दिवशी मुकादमानं बजावलं होतं, “मशीनमध्ये अडकले तर जिवावर बेतेल. उद्या कापून ये, नाहीतर येऊच नकोस.” दुसऱ्या दिवशी वन्सं गेल्या त्या सैलसर वेणी, वेणीची गुंडाळी, गुंडाळीवर सुती फडकं आणि फडक्यावर टोपी अशा थाटात. म्हणाल्या, “माझा एक केस जरी कोनावर सापडला, तर मी स्वतः कात्री लावीन.” नऊ वर्षांनी खरोखरच एक केस सापडला. सगळं खातं गोळा झालं. वन्संनी तो उजेडात धरला. “हा बोटभर आहे आणि काठीसारखा सरळ. माझा केस मेला तरी असा ताठ राहायचा नाही. शिवाय याला कलप लावलाय.” सगळ्या बायका मुकादमाच्या मिशांकडे बघायला लागल्या. त्यानंतर वन्संच्या केसांचा विषय तिथे कुणी काढला नाही.

त्यांच्याबद्दल वहीत लिहायचं बरेच दिवस मनात होतं. मी रोज दुपारी सगळं आवरल्यावर देवाचं नाव घेऊन चार ओळी लिहिते. पण तीस वर्षं एकाच घरातलं नातं असूनही माणूस ओळखायला वेळ यावी लागते. ती आमच्या लेकीच्या आजारपणानं आणली.

एकोणीस वर्षांची पोर सात आठवडे तापानं अंथरुणाला खिळली होती. पाच दवाखान्यात, दोन घरी. केस आत्यावर गेलेले, तसेच लांब, तसेच लाटांचे. उताणं पडून पडून मानेपाशी त्यांचा गोळा होत गेला. मला दिसत होतं. पण कंगवा लावला की ती कळवळायची, म्हणून मी सगळे केस वर घेऊन आवळून बांधून टाकले. बरी झाली की बघू म्हटलं.

मग एका गुरुवारी ताप उतरला तो उतरलाच. मला काय करू आणि काय नको असं होऊन गेलं. मनानं घेतलं की हिला डोक्यावरून न्हाऊ घालायचं आणि देवासमोर आणून बसवायचं. न्हाणीत स्टुलावर बसवली, केस सोडले आणि गुंता न काढताच वरून गरम पाणी ओतलं. शाम्पू खसाखसा चोळला, टॉवेलनं रगडून पुसलं. ती हात जोडून बसली तेव्हा माझे डोळे भरून आले होते, त्यामुळे केसांकडे लक्ष गेलं नाही. ते सुकता सुकता आक्रसत गेले. संध्याकाळी हात लावला तर लोकर दाबून केलेल्या नमद्यासारखे घट्ट. बोट शिरेना.

शुक्रवारी सकाळी हे कोपऱ्यावरच्या पार्लरवालीला बोलावून घेऊन आले. तिनं तो गोळा दोन बोटांनी उचलून पाहिला.

“याला इलाज नाही हो. कानापर्यंत उडवावे लागतील. सोमवारी दहाला येते.”

“केसच आहेत, वाढतील,” हे म्हणाले. “जीव वाचला हे काय कमी आहे?”

मीही मान हलवली. पोर भिंतीकडे तोंड करून झोपली. सात आठवडे सुया टोचून घेताना रडली नव्हती, ती आता रडली.

वन्सं सकाळची पाळी करून तीनच्या सुमाराला थेट आमच्याकडे आल्या. कपड्यांवर कापसाची पांढरी लव तशीच. केसांना हात लावून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“हे कुणी केलं?”

“मी,” म्हटलं. “वन्सं, मला वाटलं, देवासमोर बसवायची तर...”

“देवाला गुंता चालला असता गं. गुंत्याला पाणी चालत नाही. आधी सोडवायचं, मग धुवायचं.” मग त्या पलंगाच्या कडेला बसल्या. “पोरी, तुला काय हवंय?”

घरात हा प्रश्न तोपर्यंत कुणी विचारलाच नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

ती भिंतीकडेच बघत म्हणाली, “आत्या, सात आठवडे सगळं बाकीच्यांनीच ठरवलं. कधी उठायचं, काय गिळायचं, सुई कुठल्या हातात टोचायची. एवढं तरी माझ्या मनासारखं होऊ दे.”

“म्हणजे ठेवायचेत?”

“ठेवायचेत.”

“दुखेल. बसावं लागेल. वर माझं तोंड ऐकावं लागेल.”

“ऐकेन.”

“मग झालं तर. सोमवार दहापर्यंत वेळ आहे.”

“ताई, अगं तिला अजून धड बसवत नाही,” हे दारातून म्हणाले. “आणि पार्लरवालीनं सांगितलंय की...”

“पार्लरवालीनं मला सांगितलेलं नाही. तू चहा टाक.”

हे चहा टाकायला गेले. घरात यांना असं सांगणारं दुसरं कुणी नाही.

खिडकीजवळ टेबलावर दोन उशा रचून पोरीला त्यांवर डोकं टेकवून बसवलं. खाली पांढरा अभ्रा पसरला. वन्संनी कंडिशनरची बाटली मागितली, तेल मागितलं आणि इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर मारायचा पाण्याचा फवारा घेतला. पिशवीतून स्वतःचा मोठ्या दातांचा लाकडी कंगवा काढला आणि बाजूला ठेवून दिला.

“तो काय शोभेला?” पोरीनं विचारलं.

“त्याची पाळी अजून लागायची आहे. आधी बोटं.”

मी काय बघत होते ते लिहून ठेवते. आधी त्यांनी थोडा फवारा मारला. गिरणीत हवा कोरडी पडली की सूत पटापट तुटतं, म्हणून छतातून पाण्याची वाफ सोडतात. केसाचंही तेच, त्या म्हणाल्या. अगदी कोरडा तुटतो, चिंब ओला ताणला जातो, ओलसर हवा. मग कंडिशनर आणि तेल गुंत्यात जिरू दिलं, अर्धा तास हात लावला नाही. त्यानंतर गोळा ओढायच्या ऐवजी कडेकडेनं, आडवा, हळूहळू फुलवायला लागल्या. “ओढलं की गाठ आवळते. तिला जागा दिली की ती सैल पडते.” मोकळी झालेली प्रत्येक बट चिमटा लावून वेगळी ठेवायची, म्हणजे ती परत गुंत्यात जात नाही.

“तुला हात नाहीत का?” त्या मला म्हणाल्या. “ये. ही बट गाठीच्या वर मुठीत धर. ओढ मुठीला बसू दे, डोक्याला नको. आता शेंड्याचं बोटभर सोडव. सुटलं? आता त्याच्या वरचं बोटभर. मुळापासून खाली कंगवा आणलास तर सगळ्या गाठी ढकलून एकीत एक अडकवशील.”

मी ओठातल्या ओठात नामस्मरण सुरू केलं आणि बोटं थांबली.

“नाव घे, खुशाल घे,” वन्सं न बघताच म्हणाल्या. “पण हात चालू ठेव.”

पोर टेबलावर तोंड खुपसून हसली. आजारपणानंतर पहिल्यांदा.

तुटून पडलेला प्रत्येक तुकडा वन्सं त्या पांढऱ्या अभ्र्यावर बाजूला ठेवायच्या. गिरणीत पाळी संपली की किती धागे तुटले ते फळ्यावर लिहितात, ती सवय. शुक्रवारी त्रेसष्ट तुकडे भरले. मोकळे झालेले केस त्यांनी सैल वेणीत घातले आणि उशीवर माझी जुनी गुळगुळीत रेशमी ओढणी पसरली. “सुती अभ्र्यावर रात्रभर घासतात आणि सकाळी पुन्हा गुंता. आणि घट्ट बांधायचं नाही हं, वहिनी. जिथे रबर आवळतो तिथेच केस तुटतो.”

शनिवारी वन्सं आल्या तोवर पोरीच्या अंगात त्राण नव्हतं. तासाभरात तिला घाम फुटला, ओठ पांढरे पडले. यांनी तिला उचलून पलंगावर ठेवलं.

“बास झालं, ताई. केसांपायी पोर पुन्हा आजारी पडायची. सोमवारी ती बाई येणार आहे, कापून टाकू दे.”

मला वाटलं, वन्सं आता भांडणार. त्यांनी हात पुसले. “बरोबर आहे तुझं. आज बास.” आणि पोरीच्या कानाशी वाकून म्हणाल्या, “झोपून करू का थोडं? तू डोळे मीट. नको वाटलं तर फक्त हात वर कर.”

तिनं हात वर केला नाही. ती झोपली, आणि वन्सं जमिनीवर चटईवर गुडघे टेकून, पलंगाच्या कडेवरून लोंबणारी एकेक बट सोडवत राहिल्या. सकाळपासून आठ तास उभं राहून आलेली बाई. मी त्यांच्या गुडघ्याखाली उशी सरकवली तर म्हणाल्या, “मला नको, पोरीच्या मानेखाली दे. मान अवघडली की केस ओढले जातात.” हे दोनदा दारात येऊन उभे राहिले. तिसऱ्यांदा आले ते चिमटे हातात धरून बसले. त्या दिवशी अडतीस तुकडे.

रविवारी गिरणीला सुट्टी. वन्सं सकाळी आठलाच हजर. दुपारपर्यंत पाठीवर सगळे केस मोकळे झाले, कंगव्याचीही पाळी लागली, आणि मानेवर एकच गाठ उरली. लिंबाएवढी, दगडासारखी. मी गरम पाण्यात आवळली होती ती हीच. वन्संनी तेल जिरवलं, विणकामाच्या बोथट सुईनं कडेनं उकलून पाहिलं, दोन तास गेले. काही हलेना.

त्या मागे टेकल्या. मी म्हटलं, “वन्सं, मी सोडवते. चूक माझी आहे, मी रात्रभर बसेन.”

“तुझी चूक फेडायला तिची मान वापरू नकोस,” त्या म्हणाल्या. मग पोरीकडे वळल्या. “ऐक. एकतीस वर्षांत प्रत्येक गुंता मी सोडवला असं कुणाला वाटत असेल तर ते खोटं आहे. कोनावरचा सुटला नाही तर तेवढंच सूत कापून काढतो, अख्खा कोन फेकत नाही. ही गाठ उभी चिरली तर थोडेच केस जातील, बाकीचे मोकळे होतील. नाहीतर उद्या सकाळपर्यंत आणखी बघू. डोकं तुझं आहे. बोल.”

पोरीनं हात मागे नेऊन गाठ चाचपली. आरसा मागितला. मागे दुसरा आरसा धरायला लावून नीट पाहिली.

“चिरू या,” म्हणाली. “पण कात्री मी धरणार.”

तिच्या हाताला अजून जोर नव्हता. वन्संनी आपला हात तिच्या हाताखाली दिला, पाती केसांच्या दिशेनं उभी धरवली, आडवी नाही. कर्र आवाज झाला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. लिंबाच्या दोन फाका झाल्या, आणि बघता बघता दोन्ही फुलायला लागल्या. अभ्र्यावर एक झुबका जमला. मुठीत मावेल एवढा. पोरीनं तो उचलून पाहिला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. मी तोंड फिरवलं. तिनं नाही फिरवलं.

सोमवारी दहाला पार्लरवाली आली, पिशवीतून कात्री काढली आणि तशीच उभी राहिली. वन्सं कामावर होत्या. पोर खुर्चीत ताठ बसलेली, केस कमरेपर्यंत.

“अगं बाई! हे कुठल्या पार्लरमध्ये केलंस?”

“सूतगिरणीत,” पोर म्हणाली. “तुम्ही फक्त खालचे दुतोंडी शेंडे काढा. बोटभर. जास्त नको.”

पार्लरवालीनं बोटभरच काढले. पोरीनं आरशातून तिच्या कात्रीवरची नजर हलवली नाही.

आता रोज सकाळी मी विंचरते. धुण्याआधी गुंता काढायचा, टॉवेलनं रगडायचं नाही, जुन्या मऊ सुती कापडात केस नुसते दाबायचे, रात्री सैल वेणी. वन्सं बुधवारी आल्या आणि चप्पल काढताच कंगवा बघायला गेल्या. त्यातले केस एकेक करून खिडकीशी उजेडात धरले.

“याला टोकाला पांढरा ठिपका आहे, म्हणजे मुळासकट आपसूक गळलाय. एवढ्या तापानंतर दोन-तीन महिने असे गळतील, घाबरू नका. याला आहे. याला आहे.” मग एक आखूड केस त्यांनी चिमटीत धरला. “याला नाही. हा तुटलाय. आज कंगवा कुणाच्या हातात होता?”

पोरीनं माझ्याकडे बघितलं.

“माझ्या,” म्हटलं. “दूध उतू जात होतं, म्हणून जरा घाई झाली.”

“लिही मग तुझ्या त्या वहीत,” वन्सं म्हणाल्या. “बुधवार, एक तुटला.”

लिहिलं आहे.