लुर्दीनच्या वतीने दिलेली साक्ष

मेरिल्दा लाबोंत ही मॉरिशसच्या सुयाक गावातली शिवणकाम करणारी क्रिओल, म्हणजे आफ्रिकी वंशाची ख्रिस्ती बाई. समाजमंदिरात ‘मॉरिशियन म्हणजे नेमका कोण’ यावर चर्चा भरली की ती पहिल्या बाकावर असे आणि बोलायला उठली की खाली बसवणे अवघड जाई.

“आपण सगळे एकच आहोत, तर मग पोरीचं लग्न मशिदीत लावशील का गं?” कुणीतरी मागून विचारी.

“लावीन की! निदान बिर्याणी तरी बरी मिळेल. तुझ्या लग्नात भातसुद्धा कच्चा होता.”

या टाळ्या घेणाऱ्या मेरिल्दाची परीक्षा शेजारच्या वेलेन आपादूने घेतली. वेलेनचे वडील तमिळ, आई लुर्दीन क्रिओल. लुर्दीन ही मेरिल्दाची बालमैत्रीण. दोघींच्या स्वयंपाकघरांमध्ये एकच भिंत होती. लुर्दीन वारल्यावर वेलेन मेरिल्दालाच मावशी म्हणून धरून राहिला होता.

वेलेन संसदेच्या निवडणुकीला उभा राहिला. आमच्याकडे उमेदवाराला अर्जात आपली जमात लिहावीच लागते. न लिहिली तर अर्ज बाद. वेलेनने ‘हिंदू’ लिहिले, कारण पक्षाने तिकीट त्याच हिशेबाने दिले होते. एका मतदाराने हरकत घेतली: याची आई क्रिओल, याचे राहणेही क्रिओल. अशा वेळी न्यायालय माणसाची राहणी पाहते, आणि राहणी शेजाऱ्यांना ठाऊक असते. निकाल विरुद्ध गेला तर पक्ष वेलेनला सोडणार, हे उघड होते.

“मावशी, तुमची साक्ष लागेल.”

“काय सांगू? तू मॉरिशियन आहेस म्हणून?”

“चेष्टा नको. तशी जागाच नाही त्या अर्जात. आमचं घर तमिळ आहे, एवढंच सांगा.”

“आणि लुर्दीन?”

वेलेन खाली पाहत म्हणाला, “आई आता नाही ना, मावशी.”

न्यायालयात हरकत घेणाऱ्याच्या वकिलाने विचारले, वेलेनच्या घरात मरियमची तसबीर आहे का? मागच्याच रविवारी मेरिल्दाने त्या तसबिरीपुढे, मुरुगन देवाच्या शेजारी, मेणबत्ती लावली होती.

“होती. काढून टाकली.”

“त्याची आई चर्चला जात असे?”

लुर्दीनने एकही रविवार चुकवला नव्हता. मेरिल्दाने वेलेनकडे पाहिले; तो स्वतःच्या बुटांकडे पाहत होता.

“लग्नानंतर नाही. ती नवऱ्याच्या रीतीनं राहिली.”

“तुम्ही स्वतः क्रिओल आहात,” न्यायाधीश सौजन्याने म्हणाले, “म्हणून तुमच्या सांगण्याला विशेष वजन आहे.”



हरकत फेटाळली गेली. वेलेन निवडून आला, फटाके वाजले. चिनी वाण्याच्या दुकानाच्या ओट्यावर मात्र गावातला म्हातारा गास्तों तिची वाटच पाहत होता.

“वा मेरिल्दा! मेलेल्या बाईला बाटवलंस. आता माझ्या आजोबाला चिनी करून टाक, म्हणजे हे दुकान तरी मला मिळेल!”

सगळे हसले. पुढच्या चर्चेला ती गेली नाही. घसा बसलाय, म्हणाली.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या सणाला, सगळे गाव दफनभूमीत थडगी धुवायला जमले. मेरिल्दा लुर्दीनच्या थडग्यावरचे शेवाळ खरवडत असताना वेलेनची गाडी कुंपणाशी थांबली. सोबत पक्षाची दोन माणसे होती. तो आत आला नाही. त्याने कुंपणावरून फुलांचा मोठा गुच्छ पुढे केला.

“तुम्हीच ठेवा, मावशी.”

“तुझी आई आहे, वेलेन.”

“हळू बोला.”

मग तिने फुले घेतली. गाडी निघून गेल्यावर शेजारच्या थडग्यापाशी बसलेल्या बाईने विचारले, “केवढी महागाची फुलं! कुणी आणली गं?”

“मी,” मेरिल्दा म्हणाली, आणि पाणी आणायला नळाकडे गेली.